जुन्या निसर्गचित्राची पाठवणी

वाडे गेले, त्यांच्या जागी सदनिका आल्या, आणि भिंती आखूड झाल्या. माजघराच्या भिंतीवर ऐसपैस बसलेले एखादे निसर्गचित्र नव्या घरात कपाटाच्या मागे उभे राहते. पुढे एखाद्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरते, आणि मग घरातल्या तरुण मंडळींना सुचते की, हे विकून टाकावे. आता तर मोबाईलवरून घरबसल्या विकता येते. विचार वाईट नाही. जे चित्र आपल्याकडे कुजत आहे ते दुसऱ्याच्या घरी नांदत असेल, तर त्यात हळहळण्यासारखे काही नाही. परंतु विकणे आणि मार्गी लावणे यांत अंतर आहे. लग्नानंतर मुलीची पाठवणी जितक्या काळजीने करावी, तितक्याच काळजीने चित्राची करावी लागते. ती कशी करावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम आपल्या हाती काय आहे ते पाहावे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची स्थापना १८५७ सालची, आणि बॉम्बे आर्ट सोसायटीची १८८८ सालची. या दोन संस्थांभोवती आपल्याकडे निसर्गचित्रणाची एक मोठी परंपरा वाढली. कोल्हापूरच्या कोटितीर्थाचा परिसर रंगवणारे आबालाल रहिमान, जलरंगांवर प्रभुत्व असलेले सा. ल. हळदणकर, एम. के. परांडेकर ही त्यातली ठळक नावे. पण या नावांच्या मागे कितीतरी चित्रकार असे होते की, जे शिक्षण संपवून गावोगावच्या शाळांत चित्रकला शिकवीत राहिले आणि सुटीच्या दिवशी नदीकाठी बसून घाट, देवळे, पिंपळ रंगवीत राहिले. त्यांची नावे ग्रंथांत सापडत नाहीत. ती सापडतात चित्राच्या कोपऱ्यात किंवा पाठीमागे. म्हणून आपण चित्र विकतो तेव्हा एका माणसाची ओळखही आपल्या हातून पुढे जात असते, किंवा तिथेच पुसली जात असते.

यासाठी पहिला नियम असा की, चित्राच्या पाठीमागचे काहीही काढू नये. फ्रेम करणाऱ्याची चिठ्ठी, प्रदर्शनाचा क्रमांक, पेन्सिलीने लिहिलेले गावाचे नाव, भेट देणाऱ्याची तारीख, हे सारे चित्राचे जन्मटिपण आहे. दुसरा नियम, चित्र साफ करू नये. बटाटा, कांदा, पाव, साबणाचे पाणी असले घरगुती उपाय पुष्कळ सांगितले जातात. त्यांनी मळाबरोबर रंगही जातो, आणि गेलेला रंग परत येत नाही. मऊ, कोरड्या कुंचल्याने फ्रेमवरची धूळ झटकावी, एवढेच पुरे. तिसरे, चित्र मूळ आहे की छापील, हे भिंगातून पाहावे. सारख्या अंतरावरचे बारीक ठिपके दिसले तर ती छपाई होय. रंगाचे थर, कुंचल्याचे फटकारे, कागदाच्या पोतात मुरलेला जलरंग हे हाताच्या कामाचे लक्षण. शंका राहिल्यास जाणकाराला दाखवावे.

आता जाहिरातीचे छायाचित्र. चित्र काचेतून बाहेर काढता येत असेल तर उत्तम. नाहीतर काचेत आपलेच प्रतिबिंब विकायला ठेवल्यासारखे होते. उन्हात नव्हे, पण उजेडात, खिडकीजवळ चित्र उभे करावे, कॅमेरा चित्राच्या मध्याशी समोरासमोर धरावा, फ्लॅश वापरू नये. एक छायाचित्र संपूर्ण चित्राचे, एक फ्रेमसह, एक पाठीचे, एक स्वाक्षरीचे, आणि प्रत्येक डागाचे, चिरेचे, फाटीचे वेगळे. उजेड एका बाजूने तिरपा पाडला की रंगाचे उचललेले पापुद्रे दिसू लागतात. तेही छायाचित्र द्यावे. दोष झाकल्याने गिऱ्हाईक मिळते, पण ते टिकत नाही. दोष दाखवल्याने जे मिळते ते भांडायला येत नाही.

वर्णनात माप सेंटिमीटरमध्ये लिहावे, आधी उंची, मग रुंदी. फ्रेमशिवायचे आणि फ्रेमसहचे वेगवेगळे. माध्यम लिहावे: कागदावर जलरंग, कॅनव्हासवर तैलरंग, जे असेल ते. शब्द मात्र तोलून वापरावेत. ‘स्वाक्षरी आहे’ याचा अर्थ एक, आणि ‘अमुक चित्रकाराचे आहे’ याचा अर्थ दुसरा. स्वाक्षरी कोणालाही करता येते. कोपऱ्यातले अक्षर वाचता येत नसेल तर ‘स्वाक्षरी अस्पष्ट’ असेच म्हणावे. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली हकीकत ‘घरातील सांगीप्रमाणे’ या शब्दांनी द्यावी. ती पुरावा म्हणून देऊ नये.

किमतीच्या बाबतीत एक गफलत सर्वत्र दिसते. लोक इंटरनेटवर मागितलेल्या किमती पाहतात आणि त्याच आपल्या चित्राला लावतात. मागणारा काहीही मागेल. प्रत्यक्षात मिळालेली किंमत कोणती, ते पाहावे. लिलावसंस्था आपले निकाल प्रसिद्ध करतात. मुंबईची सॅफ्रनआर्ट ही संस्था २००० सालापासून ऑनलाईन लिलाव करीत आली आहे, आणि अशा संस्थांच्या जुन्या याद्या चाळल्या म्हणजे अंदाज बांधता येतो. चित्रकार नामवंत असल्याचा संभव असेल तर आधी अशा संस्थेचेच मत घ्यावे. ती दलाली घेते, पण चित्र पारखूनही घेते. अनाम चित्रकाराचे काम असेल तर साध्या विक्रीस्थळावर, वाजवी किमतीत, सविस्तर वर्णनासह ठेवावे.

येथे कायद्याकडे वळणे भाग आहे. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम हा १९७२ सालचा, आणि तो १९७६ साली अमलात आला. या कायद्याने शंभर वर्षे पूर्ण झालेले चित्र ‘पुरावशेष’ ठरू शकते, आणि तसे चित्र खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे १९२० साली रंगवलेले आजोबांच्या वेळचे चित्र आज या मर्यादेत आले आहे. याखेरीज राजा रविवर्मा, रवींद्रनाथ ठाकूर, अमृता शेर-गिल, जामिनी रॉय अशा काही दिवंगत कलावंतांची चित्रे वय न पाहता बहुमूल्य कलाकृती म्हणून घोषित आहेत. तीही बाहेर जात नाहीत. तेव्हा परदेशस्थ गिऱ्हाइकाने कितीही मोठी रक्कम देऊ केली, तरी आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून चित्र पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा, आणि मगच शब्द द्यावा. देशांतर्गत विक्रीतही जुन्या चित्राच्या नोंदणीची चौकशी तिथेच करावी. आणखी दोन गोष्टी. घरातले सामान विकून आलेला पैसा सामान्यतः भांडवली नफ्यात धरला जात नाही, पण चित्रांना ही सवलत नाही. म्हणून करसल्लागाराला विचारावे. आणि चित्र विकले म्हणजे त्याच्या छपाईचा हक्क विकला असे नव्हे. तो चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या वारसांकडे असू शकतो.

पैशाविषयी एकच सांगणे. पैसे स्वीकारण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, आणि कोणाचे चौकोनी चिन्ह टिपावे लागत नाही. जो तसे करायला सांगतो तो गिऱ्हाईक नव्हे. चुकून जास्त रक्कम पाठवली, फरक परत करा, असे म्हणणाऱ्याचेही तेच. रक्कम बँकेत जमा झालेली स्वतः पाहावी, पावती द्यावी, आणि मगच चित्र हलवावे.

आता बांधणी. काच असलेल्या जलरंगचित्राची काच काढून वेगळी ठेवणे सर्वात बरे. काढता येत नसेल तर काचेवर कागदी चिकटपट्ट्या उभ्या-आडव्या जाळीसारख्या लावाव्यात. काच फुटली तरी तुकडे जागच्या जागी राहतात आणि कागद चिरत नाहीत. तैलचित्राचा प्रश्न निराळा. त्याच्या रंगाला काहीही टेकता कामा नये. बुडबुड्यांचे प्लास्टिक थेट रंगावर गुंडाळले तर उन्हाने तापलेल्या गाडीत त्याचे ठसे रंगावर कायमचे उठतात. म्हणून चारी कोपऱ्यांना पुठ्ठ्याची किंवा फोमची टोपणे बसवावीत, त्यांवर ताठ पुठ्ठा किंवा पातळ प्लायवूड पुढून-मागून ठेवावे, म्हणजे मध्ये पोकळी राहते. फ्रेमचे आकडे आणि तारा आधी काढाव्यात. तेच पुठ्ठ्यातून घुसून चित्र फाडतात. हे सर्व एका खोक्यात, आणि ते खोके दुसऱ्या मोठ्या खोक्यात. दोहोंमध्ये चारी बाजूंनी निदान ५ सेंटिमीटर भरण. मोठ्या चित्रासाठी लाकडी पेटी करावी आणि ती खिळ्यांनी नव्हे, स्क्रूंनी बंद करावी, कारण खिळ्यांवरच्या हातोड्याचा प्रत्येक घाव चित्राला बसतो. जुन्या कॅनव्हासची गुंडाळी करू नये. वाळलेला रंग तडकतो. पावसाळ्यात शक्यतो पाठवूच नये.

पाठवणाऱ्या कंपनीच्या अटींतली बारीक अक्षरे वाचावीत. काही कंपन्या कलाकृती घेत नाहीत, काही घेतात पण नुकसानीची जबाबदारी ठरावीक रकमेपुरतीच मानतात. म्हणून प्रवासाचा विमा वेगळा उतरवावा, बांधणीच्या प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र ठेवावे, आणि खोके उघडताना चित्रफीत घेण्यास गिऱ्हाइकाला सांगावे. हवापालट झालेले खोके लगेच न उघडता एक दिवस खोलीत तसेच राहू द्यावे, हेही कळवावे.

शेवटी, खोक्यात एक कागद ठेवावा. चित्र कोणाकडे होते, कोणत्या गावी टांगलेले होते, चित्रकाराविषयी घरात काय सांगत, आणि कोणत्या साली विकले, एवढे त्यावर चार ओळींत लिहावे. पैसे येतील आणि खर्चून जातील. पण त्या कागदामुळे, ज्या ड्रॉइंगमास्तरांनी नदीकाठी बसून तो घाट रंगवला, त्यांचे नाव आणखी एका घरात पोहोचेल. चित्र घराबाहेर पडताना त्याच्या नावानिशी पडावे, इतके तर आपल्या हातात आहे.