गोळी तीच, हिशेब नवा

आमवाताच्या रुग्णाला मेथोट्रेक्सेट लिहून दिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘‘याने लिव्हर खराब होतं ना?’’ ही भीती उगाच नाही. तिच्यामागे सत्तर वर्षांचा अनुभव आहे.

१९४० च्या दशकात अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने फॉलिक अॅसिडचं काम अडवणारी औषधं घडवली. त्यातलंच अमिनोप्टेरिन १९४७-४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिलं. १९५१ मध्ये गुब्नर आणि सहकाऱ्यांनी ते आमवात आणि सोरायसिसवर वापरून पाहिलं. गुण आला, पण तेव्हा कॉर्टिसोनचा बोलबाला होता. सांधेदुखीच्या डॉक्टरांनी तिकडे पाठ फिरवली, त्वचारोगतज्ज्ञांनी मात्र त्याचं भावंड मेथोट्रेक्सेट हाती धरलं.

अनेकांना ते रोज दिलं जाई. काही वर्षांत काहींचं यकृत घट्ट होऊ लागलं, सिरॉसिसही दिसला. मग बरगड्यांमधून सुई घालून यकृताचा तुकडा काढायचा, तपासायचा, असा बायॉप्सीचा शिरस्ता पडला. पुढे लक्षात आलं की तेच औषध आठवड्यातून एकदा दिलं तर यकृताला उसंत मिळते.

१९८८ मध्ये अमेरिकेत आमवातासाठी त्याला मान्यता मिळाली, तेव्हा सोबत बायॉप्सीची धास्तीही आली. १९९४ च्या अमेरिकी मार्गदर्शनाने सरसकट बायॉप्सीला रजा दिली आणि ठरावीक आठवड्यांनी रक्ततपासणी सुचवली. जोडीला फॉलिक अॅसिड दिलं की रक्तातलं एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम कमी वेळा चढतं, हेही पुढे सिद्ध झालं.

आमवाताच्या नव्या औषधांनी नवे धडे दिले. १९९८ मध्ये आलेल्या लेफ्लुनोमाइडवर २०१० मध्ये यकृताबाबत ठळक इशारा छापावा लागला. रिटुक्सिमॅबमुळे शरीरात दबा धरून बसलेला हिपॅटायटिस बी उसळू शकतो, म्हणून २०१३ मध्ये त्यावरचा इशारा कडक झाला. आता असं औषध सुरू करण्याआधीच रक्तात बी विषाणूचा माग काढतात.

या साऱ्यातून संशयाचा रोख बदलला. दोष एकट्या गोळीचा नसतो. दारू, वाढलेलं वजन, मधुमेह आणि फॅटी लिव्हर तिला साथ देतात. यकृत किती घट्ट झालं, हे आता सुईविना फायब्रोस्कॅनवर कळतं.

उरते ती वाराची शिस्त. साप्ताहिक गोळी चुकून रोज घेतली, तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी घटतात, जिवावरही बेततं. म्हणून चिठ्ठीवर वार लिहून घ्यावा. तपासणीसाठी रक्त पुढच्या डोसच्या आदल्या एक-दोन दिवसांत द्यावं, कारण गोळीनंतर लगेच एसजीपीटी तात्पुरतं वाढलेलं दिसू शकतं. अशा एका आकड्याला घाबरून परस्पर गोळी बंद केली, तर यकृत वाचवण्याच्या नादात सांधे जातात, आणि झिजलेला सांधा कुठलंच औषध परत आणत नाही.