किनाऱ्यावरचा प्रवास आणि ताटातील मासा

कोकणच्या किनामार्गाने दक्षिणेकडे जाणाऱ्या प्रवाशाच्या वाटेत अनेक खाड्या आडव्या येतात. दाभोळ येथे वाशिष्ठीची खाडी लागते. तेथे वाहनासह फेरीबोटीतून धोपावे गाठता येते. त्याआधी हर्णै बंदरात, सुवर्णदुर्गासमोर, मासळीचा लिलाव पाहावयास मिळतो. पुढे मालवणास, शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग पाहून परतलेल्या प्रवाशापुढे तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले, भात आणि सोलकढी येते.

परंतु हे ताट बारा महिने सारखे नसते. जून व जुलै या महिन्यांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. या काळात समुद्र खवळलेला असतो आणि अनेक जातींच्या माशांच्या विणीचा हंगामही याच सुमारास येतो. तेव्हा किनाऱ्यावरील घरांत उन्हात वाळवून ठेवलेले सोडे, सुकट व सुके बांगडे बाहेर निघतात. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्रास नारळ अर्पण करतात व परंपरेने नवा हंगाम सुरू होतो.

भर पावसाळ्यात ताज्या सुरमईचा आग्रह धरणाऱ्याच्या ताटात बहुधा बर्फात साठवलेला किंवा दुरून आणलेला मासा पडतो. सोड्यांचे कालवण मागणारा मात्र त्या ऋतूचे, त्या गावचे अन्न जेवतो. म्हणून खानावळीत ठरावीक माशाची मागणी करण्याआधी ‘आज बंदरावर काय आले आहे?’ असे विचारावे. विणीच्या काळात समुद्राला विसावा मिळाला, तरच पुढील वर्षीही या प्रश्नाला उत्तर मिळेल.