घरातले सोबती, लेखांक 7 : जागं होणाऱ्या कासवाला आधी पाणी

महाशिवरात्र झाली की थंडी 'शिव शिव' म्हणत जाते, असं हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या आमच्या आज्या म्हणायच्या. याच सुमारास गच्चीच्या कोपऱ्यात मान आत ओढून बसलेलं कासव एक दिवस पाय बाहेर काढतं आणि मुलं ओरडतात, "जागं झालं!" त्याच्यापुढे लगेच काकडीचे काप ठेवले जातात. ते बघतही नाही, मग घरभर काळजी.

मुळात ते झोपलं होतं का?

खरी शीतनिद्रा भूमध्य समुद्राकाठच्या ग्रीक किंवा हर्मन जातीच्या कासवांची. ती आधी काही आठवडे खाणं सोडून पोट रिकामं करतात आणि पाच अंशांच्या आसपासच्या गारव्यात महिनोन्‌महिने निजतात. हैदराबादेत जानेवारीच्या रात्री साधारण पंधरा अंशांच्या, दुपारी ऊन चांगलंच तापलेलं. या हवेत कासवाला ना धड झोप लागते, ना धड जाग राहते. त्याचं पचन बाहेरच्या उबेवर चालतं. ऊब कमी पडली की खाल्लेलं पोटात सडतं आणि साठवलेली चरबी मात्र जळत राहते. म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगते, आपली थंडी कासवाला निजवत नाही, गारठवते. थंडीत त्याला उबेची पेटी द्यायला हवी, कोपरा नव्हे.

इंग्लंडमधल्या गिल्बर्ट व्हाइट या निसर्गनिरीक्षकाने 1780 च्या मार्चमध्ये टिमथी नावाचं निजलेलं कासव मातीतून उकरून घोडागाडीने आपल्या गावी नेलं. प्रवासाच्या धक्क्यांनी ते पुरतं जागं झालं, बागेत दोनदा फिरलंही. पण संध्याकाळी गारवा पडताच पुन्हा मातीत शिरलं. हलवून जाग येते, पण ती टिकायला ऊब लागते.

तेव्हा पहिलं काम ऊब, दुसरं पाणी. खाणं त्यानंतर. इतके दिवस पाणी न प्यायल्यामुळे रक्तात युरिया साठलेला असतो आणि तो असेपर्यंत भूक लागत नाही. पसरट घमेल्यात कोमट पाणी घ्या, कोपर बुडवून पाहिलं तर ना गरम ना गार वाटावं इतपतच. पाणी कासवाच्या हनुवटीखाली राहायला हवं. वीस मिनिटं त्याला त्यात ठेवा, शेजारून उठू नका. ते मान घालून पितं, लघवी करतं, त्यात चुन्यासारखा पांढरा गाळ दिसतो. हे चांगलं लक्षण. पाठ कोरडी करून कोवळ्या उन्हात सोडा, जवळ सावलीही असू द्या. पहिला आठवडाभर रोज असंच करा.

मग जास्वंदीची पानं-फुलं, हरळी, काटे काढलेला फड्या निवडुंग द्या. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडवतं. पोळीचे तुकडे, दूधभात तर मुळीच नको, कितीही मायेने दिलेले असोत. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, तो कुरतडायला ठेवा. आठवड्याभरात तोंड लावलं नाही, नाकातून बुडबुडे आले, डोळे सुजले किंवा तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागलं, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या. घशात बळंच काही ओतू नका.

हे सगळं नोंदणी केलेल्या विदेशी कासवांसाठी. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपलं स्टार कासव पाळणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे, 2019 मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद झाला. कुणी 'लक्ष्मी येते' म्हणून भेट देऊ केलं तरी घेऊ नका. घरात आलंच असेल तर वन खात्याशी बोला. स्वतःहून रानात सोडू नका, घरातला आजार रानातल्या कासवांना लागतो.

आपल्याकडच्या रानातल्या कासवांची जाग मात्र वेगळी. पुतळी बावलीसारखी नावं सुलतान बाजाराच्या भागातल्या जुन्या विहिरींची आठवण ठेवून आहेत. अशा विहिरींत आणि तळ्यांत मऊ पाठीचं कासव असायचं. त्याचं वेळापत्रक उलटंच. उन्हाळ्यात तळं आटलं की ते चिखलात शिरतं आणि पाऊस पडला की बाहेर येतं. स्टार कासवंही पावसाळ्यातच सर्वांत जास्त हिंडतात. दख्खनच्या कासवांची जाग फाल्गुनातली नाही, मृगातली आहे.

(पुढच्या आठवड्यात : कवच मऊ का पडतं?)