फलंदाजीचा क्रम कसा लावावा?

गतवर्षींच्या हंगामांत आमच्या शाळेच्या क्रिकेट-संघानें पहिले पांच सामने ओळीनें गमावले, हें वाचकांस ठाऊकच आहे. हे सामने एका दिवसांत संपणारे, दर बाजूस तीस षटकांचे होते. प्रत्येक पराभवानंतर फलंदाजीचा क्रम बदलावा अशी सूचना कोणी ना कोणी करी, आणि आम्हीहि ती मान्य करीत असूं. पांच सामन्यांत पांच निरनिराळ्या जोड्या डावाच्या आरंभीं मैदानांत उतरल्या; पराभव मात्र चुकला नाहीं. संघाच्या देखरेखीचें काम प्रस्तुत लेखकाकडे असल्यामुळें या अपयशाचा मोठा वांटा त्याच्याच पदरीं येतो. त्या निमित्तानें जें शिकावयास मिळालें, तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. वर्गांत ज्याप्रमाणें पहिल्या नंबरापासून शेवटच्या नंबरापर्यंत मुलांची योग्यता ठरते, त्याप्रमाणेंच फलंदाजीचा क्रम म्हणजे मानाची उतरंड होय, असें बहुतेकांस वाटतें. ही समजूत बरोबर नाहीं. पंगतींत मीठ आधीं वाढतात, म्हणून तें पक्वान्नाहून श्रेष्ठ ठरत नाहीं; आणि भात मागून येतो, म्हणून त्याचा मान कमी होत नाहीं. कोणता पदार्थ केव्हां पानावर यावा, याला कांहीं कारण असतें. फलंदाजीच्या क्रमाचेंहि तसेंच आहे. कोणी कोणत्या जागीं जावें हें त्या जागेच्या कामावरून ठरतें.

हें काम समजण्यासाठीं एकदिवसीय सामन्याचें गणित पाहिलें पाहिजे. आंतरराष्ट्रीय सामन्यांत हल्लीं प्रत्येक बाजूस पन्नास षटकें, म्हणजे तीनशें चेंडू मिळतात. आणि गडी दहा. ही दोन प्रकारची संपत्ति होय. पांच दिवसांच्या कसोटी सामन्यांत बहुधा चेंडूंची वाण नसते, म्हणून तेथें गडी जपणें हें मोठें शहाणपण ठरतें. एका दिवसाच्या सामन्यांत मात्र दोन्ही द्रव्यें बरोबरीनें खर्चावीं लागतात. चेंडू शिल्लक असतां गडी संपले, तर ते चेंडू फुकट गेले. आणि गडी शिल्लक असतां चेंडू संपले, तर ते गडी पुढील सामन्यासाठीं कोणत्याहि पेढींत ठेवतां येत नाहींत.

या दुसऱ्या चुकीचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ता. ७ जून १९७५ रोजीं लॉर्ड्सच्या मैदानावर पहिल्या विश्वचषकाचा भारत-इंग्लंड सामना झाला. त्या वेळीं डाव साठ षटकांचा असे. इंग्लंडनें चार गडी गमावून ३३४ धांवा केल्या. उत्तरादाखल भारतानें साठहि षटकें खेळून काढलीं. गडी तीनच गेले, पण धांवा झाल्या अवघ्या १३२. मुंबईचे सुनील गावसकर आरंभापासून अखेरपर्यंत नाबाद राहिले. परंतु १७४ चेंडूंत त्यांच्या धांवा ३६ झाल्या. तीनशें साठ चेंडूंपैकीं जवळजवळ निम्मे एकाच टोकाला खर्ची पडले, सात गडी तसेच उरले, आणि सामना २०२ धांवांनीं गेला. गावसकरांच्या थोरवीविषयीं कोणासहि शंका नाहीं. कसोटी सामन्यांत दहा हजार धांवा पुऱ्या करणारे ते जगांतील पहिले फलंदाज होत. एवढ्या मोठ्या खेळाडूचा गुणहि प्रसंग बदलला असतां संघाच्या उपयोगीं पडत नाहीं, हेंच येथें लक्षांत घ्यावयाचें.

आतां निरनिराळ्या जागांचीं कामें पाहूं. पहिल्या दोघांस नवा, कठीण व वेगानें येणारा चेंडू खेळावा लागतो. परंतु त्यांस एक सवलतहि असते: हल्लींच्या नियमाप्रमाणें पहिल्या दहा षटकांत तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक ठेवतां येतात. म्हणून या जोडींत निदान एक तरी गडी धीटपणें चेंडू उंच टोलविणारा असावा. तिसऱ्याची जागा सर्वांत कठीण. कारण तो पहिल्या षटकांतहि मैदानांत जाईल किंवा विसाव्यांतहि, म्हणून त्यास दोन्ही प्रकारचा खेळ यावा लागतो. चवथ्या व पांचव्या गड्यास मंदगति गोलंदाजी नीट समजली पाहिजे, आणि चौकार मिळत नसतां एकेक धांव पळून काढण्याची चिकाटी त्यांच्या अंगीं पाहिजे. सहावा व सातवा यांस कधीं पडझड सांवरावी लागते, तर कधीं आल्या आल्या फटकेबाजी करावी लागते; यांस वेळ ओळखतां आली पाहिजे. आठव्यापासून पुढें गोलंदाज येतात. तरी त्यांनींहि एक बाजू लावून धरण्याचा सराव केलेला असावा.

दुबळ्या समजल्या जाणाऱ्या संघानें असा विचार केला असतां काय घडूं शकतें, हें श्रीलंकेनें दाखविलें आहे. १९७५ ते १९९२ या काळांत झालेल्या पांच विश्वचषकांत मिळून त्या संघास अवघे चार विजय मिळाले होते. १९८७ सालीं तर साहाहि सामने त्यांनीं गमावले. पुढें १९९६ सालीं तोच देश विश्वविजेता झाला. मधल्या काळांत सगळा संघ नवा आला होता काय? तसें नव्हे. अर्जुन रणतुंग, अरविंद डी सिल्व्हा, असंक गुरुसिंह, रोशन महानाम, हशन तिलकरत्ने आणि सनत जयसूर्य हे साहाहि जण १९९२ च्या विश्वचषकांत खेळले होते. माणसें बरीचशीं तींच होतीं. त्यांच्या जागा व कामें मात्र नव्यानें वांटलीं गेलीं.

त्या वेळीं क्षेत्ररक्षणावरील बंधन पहिल्या पंधरा षटकांपुरतें होतें. ही सवलत आरंभींच साधावी, ही कल्पना अगदींच नवी नव्हती. १९९२ सालीं न्यूझीलंडच्या मार्क ग्रेटबॅच यांनीं ती अमलांत आणली होती. श्रीलंकेनें ती दोन्ही टोकांनीं चालविली. जयसूर्य यांच्या जोडीस यष्टिरक्षक रोमेश कालुवितरण यांस पाठविण्यांत आलें. हे दोघेहि पूर्वीं खालच्या क्रमांकावर खेळणारे. ता. २ मार्च १९९६ रोजीं दिल्लीस भारतानें २७१ धांवा केल्या असतां, या जोडीनें पहिल्या तीन षटकांतच ४२ धांवा काढल्या, आणि सामना श्रीलंकेनें साहा गडी राखून जिंकला.

परंतु या जोडीच्या फटक्यांनींच विश्वचषक मिळाला, असें कोणी म्हणेल तर तें अर्धेंच खरें. ता. १३ मार्च रोजीं कलकत्त्याच्या उपान्त्य सामन्यांत हे दोघेहि पहिल्याच षटकांत बाद झाले. फलकावर एकच धांव होती. त्या वेळीं अरविंद डी सिल्व्हा यांनीं ४७ चेंडूंत ६६ धांवा करून डाव सांवरला, आणि महानाम यांनीं ५८ धांवा करून, पायांत पेटके आल्यामुळें मैदान सोडलें. चार दिवसांनीं लाहोर येथें अंतिम सामन्यांतहि २३ धांवांत दोघे परतले होते. तेथें गुरुसिंह यांनीं ६५, अरविंद डी सिल्व्हा यांनीं नाबाद १०७ आणि रणतुंग यांनीं नाबाद ४७ धांवा केल्या, आणि ऑस्ट्रेलियाचा सात गड्यांनीं पराभव झाला. पहिल्या दोघांनीं धोका पत्करावा, म्हणून मागें भारदस्त फळी ठेवलेली होती. आणि मागें ती फळी होती, म्हणूनच पहिल्या दोघांस निर्भयपणें खेळतां आलें. क्रम हा असा सांखळीसारखा असतो. एक कडी उचलून दुसरीकडे बसविली, तर सर्व सांखळी पुन्हां तपासावी लागते. आम्ही दर आठवड्यास एकेक कडी उचलीत होतों, आणि तपासीत मात्र कांहींच नव्हतों.

कधीं कधीं योग्य जागा योगायोगानेंहि सांपडते. सचिन तेंडुलकर हे १९८९ पासून एकदिवसीय सामने खेळत होते, परंतु बहुधा मधल्या क्रमांकावर; चार वर्षें उलटलीं तरी त्यांचें शतक झालें नव्हतें. ता. २७ मार्च १९९४ रोजीं ऑकलंड येथें नवज्योतसिंग सिद्धू यांची मान आंखडली, आणि तेंडुलकरांनीं आपणास आरंभीं पाठवावें अशी विनंति केली. त्यांनीं ४९ चेंडूंत ८२ धांवा काढल्या. त्याच वर्षीं सप्टेंबरांत त्यांचें पहिलें शतक झालें, आणि पुढें एकंदर ४९ झालीं. योगायोगानें दार उघडलें खरें. पण तें पुन्हां लावून न घेण्याचा विवेक संघाच्या चालकांनीं दाखविला, हेंहि विसरूं नये.

हें सर्व वाचून आम्ही आमच्या स्कोअरच्या वह्या काढल्या. पांच पराभवांपैकीं तीन सामन्यांत आमचा डाव तीस षटकें पुरीं होण्यापूर्वींच आटोपला होता. उरलेल्या दोहोंत षटकें पुरीं झालीं होतीं, गडी शिल्लक होते, पण धांवा थोड्या होत्या. म्हणजे रोग दोन निरनिराळे होते, आणि आम्ही औषध मात्र एकच देत होतों. शिवाय असेंहि दिसलें कीं, तीन वर्षें आरंभीं खेळणारा आमचा एक विद्यार्थी नव्या चेंडूवर वारंवार लवकर बाद होत होता. परंतु जेव्हां जेव्हां तो टिकला, तेव्हां मंद गोलंदाजीवर त्याच्याइतक्या सफाईनें एकेरी धांवा कोणीहि काढल्या नव्हत्या. त्याची खरी जागा सहावी होती. मीं नवी यादी लिहिली व फळ्यावर लावून दिली.

दुसऱ्या दिवशीं तो मुलगा सरावास आला नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्याचे वडील शाळेंत आले आणि अत्यंत नम्रपणें म्हणाले, “मास्तर, मुलाच्या हातून कांहीं अपराध घडला काय? दोन दिवस तो नीट जेवला नाहीं.” तेव्हां माझी चूक मला कळली. गणित बरोबर होतें. पण ज्याच्याविषयीं तें मांडलें, त्याला तें दाखविलेंच नव्हतें. तीन वर्षांची जागा एका ओळीनें काढून घेतली, आणि कारण सांगितलें नाहीं! त्यानें तिचा अर्थ शिक्षा असाच केला, यांत नवल तें काय?

मीं पितापुत्रांस बसवून घेतलें व वह्या पुढें ठेविल्या. मग त्या मुलास महानाम यांची हकीकत सांगितली. १९९२ सालीं ते श्रीलंकेच्या डावाचा आरंभ करीत, आणि अर्धशतकेंहि त्यांनीं केलीं होतीं. तरी १९९६ सालीं ते मधल्या फळींत उतरले, आणि कलकत्त्यास पडझड झाली त्या वेळीं त्यांचा किती उपयोग झाला हें वर आलेंच आहे. मुलानें बराच वेळ वहींतील आंकडे पाहिले, आणि विचारलें, “म्हणजे सर, मी वाईट खेळतों म्हणून नव्हे ना?” मीं म्हणालों, “नव्हे. तूं जेथें चांगला खेळतोस तेथें आम्हांला तूं हवा आहेस, म्हणून.” दुसऱ्या दिवशीं तो सरावास आला.

पुढील चार सामन्यांत आम्ही क्रम बदलला नाहीं. त्यांतील दोन जिंकले, दोन हरलों. पण तीस षटकें पुरीं होण्यापूर्वीं आमचा डाव एकदांहि आटोपला नाहीं. शेवटच्या सामन्यांतील एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करितों. चार षटकें उरलीं होतीं, आमचा चवथा गडी बाद झाला, आणि आतां त्या सहाव्या गड्याची पाळी होती. पायांस पॅड बांधून तो उभा होता. तो माझ्याकडे वळून म्हणाला, “सर, वेळ थोडा आहे. माझ्या आधीं त्याला जाऊं द्या. तो माझ्यापेक्षां जोरानें मारतो.” असें म्हणून त्यानें आठव्या क्रमांकाच्या, आपल्याहून दोन वर्षांनीं लहान असलेल्या मुलाकडे बोट केलें. तो लहान मुलगा गेला, त्यानें दोन चौकार मारले व तो बाद झाला. तीन धांवांनीं आम्ही सामना गमावला.

तरीहि तो निर्णय बरोबरच होता, असें आजहि वाटतें. यंदाच्या हंगामाचा कर्णधार अद्याप निवडावयाचा आहे. त्यानें जुन्या वह्या प्रथम चाळाव्या, मगच यादी करावी; आणि ती फळ्यावर लावण्यापूर्वीं, ज्याची जागा खालीं गेली असेल त्याच्या शेजारीं क्षणभर बसावें. आणि पालकांस विनंति एवढीच कीं, मुलगा घरीं आल्यावर “कितवा खेळलास?” हें विचारण्यापूर्वीं “तुला काम काय दिलें होतें?” हें त्यांनीं विचारावें.