खिडक्यांना रंग देताना

नवरात्र उलगडले की आम्हां वसईकरांच्या घरोघरी रंगाचे डबे उघडू लागतात. कुणाची घाई दिवाळीची, तर कुणाची नाताळची. भिंतींचे काम त्या मानाने सोपे; खरी परीक्षा असते ती लाकडी खिडक्यांची. नव्या इमारतींत अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या. पण जुन्या बैठ्या घरांतून लाकडी चौकटी, दुहेरी झडपा आणि लोखंडी गज अजून टिकून आहेत.

समुद्रकाठच्या दमट हवेत लाकूड रुंदीत फुगते आणि झडप चौकटीत अडकून बसते. म्हणून कुणी भर पावसाळ्यात सुताराला बोलावून रंधा मारून घेतो आणि थंडीत तीच झडप खिळखिळी वाजू लागते! पाऊस संपून लाकूड नीट सुकल्यावरच या कामाला हात घालावा.

आमचे घर वडिलांनी १९६१ साली बांधले. यंदा खिडकीचा एक टवका उडाला, तेव्हा क्रीम रंगाखाली पोपटी, पोपटीखाली राखाडी आणि तळाशी पांढरे अस्तर दिसले. गजांवर तर शेंदरी छटा होती. मी भाषेचा शिक्षक. मला लगेच दोन शब्द आठवले, सफेदा आणि शेंदूर. दोन्ही शिशापासून होतात. शिसे घातले की रंग लवकर वाळे आणि दीर्घकाळ टिके, म्हणून जुन्या काळी ते सर्रास वापरीत.

पण शिसे हे विष आहे. १९२१ साली जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने घराच्या आतील रंगकामात सफेदा वापरण्यास बंदी घालणारा करार संमत केला. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर मर्यादा घालणारे नियम २०१६ साली निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. आता दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे चालत नाही. त्याआधीच्या थरांत काय दडले आहे, हे मात्र नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

आमची धाकटी खिडकीच्या कट्ट्यावर बसून गजांना तोंड लावते. पोटात गेलेले शिसे लहान मुलांच्या अंगात मोठ्यांच्या चौपट-पाचपट मुरते आणि बुद्धीच्या वाढीवर घाव घालते. शिवाय झडप उघडता-मिटताना चौकटीवर घासते आणि जुन्या रंगाची भुकटी कट्ट्यावरच साचते.

त्यामुळे रंगारी पत्रा घेऊन कोरडेच खरवडू लागला, तेव्हा मी त्याला थांबवले.

“सर, ओलं करून घासायचं म्हणजे दोन दिवसांचं काम चार दिवसांचं होईल,” तो म्हणाला.

“होऊ द्या. वरच्या दिवसांची मजुरी मी देतो. ही धूळ आधी तुमच्याच छातीत जाते,” मी म्हणालो. त्याने जरा विचार केला आणि बादली मागितली.

वाचकहो, रीत अवघड नाही. मुले आणि गरोदर स्त्रिया यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे. पडदे काढून जमिनीवर प्लॅस्टिक अंथरावे. घट्ट बसलेला रंग उगाच उकरू नये. सुटलेला तेवढा पाण्याने भिजवून, पाण्यात चालणाऱ्या पॉलिश कागदाने घासावा. रंग जाळून कधीही काढू नये, त्याचा धूर घातक. काम संपल्यावर केरसुणी न फिरवता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

लाकूड वाळले की भेगांत लांबी भरावी, अस्तर द्यावे आणि ऑइलपेंटचे दोन पातळ हात मारावेत. झडपेची वरची आणि खालची कड विसरू नये. पाणी शिरते ते तिथूनच. बिजागऱ्यांवर रंग चढवू नये आणि रंग पुरता वाळेपर्यंत झडप मिटू नये, नाहीतर ती चौकटीला चिकटून बसते.

आमच्या घरी दोन दिवसांची मजुरी जास्त गेली, तेव्हा सौ.ने यंदाच्या नव्या पडद्यांचा बेत आपण होऊन पुढे ढकलला. खिडक्यांना पडदे जुनेच आहेत; पण धाकटी कट्ट्यावर चढली की आता कुणी तिला ओरडून खाली उतरवत नाही.