कॉर्नरबॅक वेगवान आहे, मग खेळवत का नाहीत?

एप्रिल 2022 मध्ये बफेलो बिल्स संघाने एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, 25व्या क्रमांकावरून 23व्यावर सरकून काइर एलमला निवडलं. वय 20, उंची सहा फुटांच्या वर, चाळीस यार्डांचं अंतर 4.39 सेकंदांत. वडील एब्रम एलम एनएफएलमध्ये सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) म्हणून खेळलेले, काका मॅट एलम 2013 च्या ड्राफ्टमधले पहिल्या फेरीचे खेळाडू. फ्लोरिडा विद्यापीठाच्या संघातला हा मुलगा बफेलोत पाय रोवणार, याबद्दल फारशी कोणाला शंका नव्हती. मार्च 2025 मध्ये बिल्सनी त्याला डॅलस काउबॉइजना देऊन टाकलं. त्याच्यासोबत सहाव्या फेरीतली एक निवड दिली आणि बदल्यात पाचव्या नि सातव्या फेरीतली एकेक निवड घेतली.

या तीन वर्षांत त्याच्याबद्दल जे बोललं गेलं, त्यात ‘वाया गेलेला खेळाडू’ हा शब्दप्रयोग सर्रास होता. अमेरिकेत राहणारे आपले नातेवाईक, मित्रही हा खेळ आता मनापासून बघतात आणि तेही असंच बोलतात. पण यातले बरेच निष्कर्ष अपुऱ्या माहितीवर उभे आहेत, आणि ते एका तरुण खेळाडूवर अन्याय करणारे आहेत.

आधी थोडी ओळख. बचावाच्या दोन्ही कडांना जे खेळाडू उभे असतात, ते कॉर्नरबॅक. चेंडू झेलणारा समोरचा रिसीव्हर पळत सुटतो आणि त्याला चेंडू मिळू द्यायचा नसतो. हे काम दोन तऱ्हांनी होतं. मॅन पद्धतीत एक रिसीव्हर तुमचा; तो जाईल तिथे तुम्ही. झोन पद्धतीत मैदानाचा एक तुकडा तुमचा. त्यात जो येईल तो तुमचा.

गैरसमज : झोन सोपं, मॅन अवघड, ज्याला मॅन जमतं त्याला झोन जमायलाच हवं

सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज हाच. मॅन खेळणारा कॉर्नरबॅक क्वार्टरबॅककडे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याकडे, पाठ करून पळतो. त्याची नजर रिसीव्हरच्या कमरेवर असते, कारण खांदे आणि डोकं हुलकावणी देतात, कंबर देत नाही. चाल सुरू होताच तो छातीवर हात टाकून रिसीव्हरला अडवतो, त्याची लय मोडतो. याला प्रेस म्हणतात. चेंडू कुठे आहे हे तो अगदी शेवटच्या क्षणी, रिसीव्हरच्या डोळ्यांवरून आणि हातांवरून ओळखतो.

झोनमध्ये यातलं बहुतेक उलटं होतं. समजा, बचाव ‘कव्हर थ्री’ खेळतोय, म्हणजे मागच्या खोल भागाचे तीन वाटे केले आहेत आणि कडेचा एक वाटा आपल्या कॉर्नरबॅककडे आहे. तो आता शरीर आतल्या बाजूला उघडं ठेवून मागे सरकतो, म्हणजे क्वार्टरबॅक दिसत राहतो. एक नजर क्वार्टरबॅकच्या खांद्यांवर, एक नजर आपल्या बाजूच्या पहिल्या रिसीव्हरवर, आणि त्याच वेळी आतून दुसरा रिसीव्हर कडेला पळतोय का याचं भान. पहिला रिसीव्हर बारा यार्डांवर थबकला आणि दुसरा थेट खोलवर निघाला, तर थबकलेल्याचा मोह सोडून मागच्याबरोबर जायचं. थबकलेल्याला मधल्या फळीतला लाइनबॅकर बघेल, हा विश्वास ठेवायचा. हा विश्वास पायांच्या वेगाने येत नाही. रिसीव्हरच्या अंगाला चिकटून राहायची ज्याला लहानपणापासून सवय आहे, तो अशा वेळी अर्धा क्षण थांबतो. एनएफएलच्या क्वार्टरबॅकला तेवढा अर्धा क्षण पुरतो.

एलमची ताकद फ्लोरिडात दिसली ती मुख्यतः प्रेस आणि मॅनमध्ये. बफेलोचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक शॉन मॅकडर्मट यांचा बचाव मात्र झोनवर उभा होता. मायका हाइड आणि जॉर्डन पोयर हे दोन अनुभवी सेफ्टी चाल सुरू होण्याआधी एक चित्र दाखवायचे आणि सुरू झाल्यावर दुसरं खेळायचे. अशा बचावात कॉर्नरबॅकने ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी असणं महत्त्वाचं. त्यातच धावत येणाऱ्याला पकडून खाली पाडण्याचं कामही त्याच्याकडे बरंच येतं, आणि बफेलोत एलमच्या या कौशल्यावर पहिल्यापासून प्रश्नचिन्ह होतं.

आणखी एक गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही, ती नियमांची. 1978 पासून एनएफएलमध्ये रिसीव्हरला पहिल्या पाच यार्डांपलीकडे ढकलता येत नाही. कॉलेज फुटबॉलमध्ये ही पाच यार्डांची मर्यादाच नाही. चेंडू हवेत असताना रिसीव्हरला अडवलं तर कॉलेजात जास्तीत जास्त 15 यार्डांचा दंड. एनएफएलमध्ये जिथे चूक झाली तिथेच चेंडू ठेवतात, मग ते अंतर 40 यार्ड का असेना. हाताने खेळणाऱ्या कॉर्नरबॅकला पहिल्याच वर्षी हात आवरायला शिकावं लागतं. पद्धत नवी आणि नियमही नवे, असा हा दुहेरी बदल 20-21 वर्षांच्या मुलाला एकदम पेलायचा असतो.

गैरसमज : संघ एक तर मॅन खेळतो, नाही तर झोन

सगळे संघ दोन्ही खेळतात. फरक प्रमाणाचा आहे. शिवाय दोन्हींच्या मधली एक वाट आहे. 1991 ते 1994 या काळात निक सेबन क्लीव्हलँड ब्राउन्सचे बचाव समन्वयक होते. तेव्हा त्यांनी मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचिक यांच्याबरोबर घडवलेली पद्धत आज सर्वत्र दिसते : सुरुवात झोनसारखी, पण रिसीव्हर कुठे वळतात ते पाहून बचावपटू त्यांना मॅनसारखे चिकटतात. त्यामुळे टीव्हीवर ‘हा मॅन होता’ असं ठामपणे सांगणंही अनेकदा धाडसाचं ठरतं.

गैरसमज : पहिल्या फेरीचा खेळाडू बाहेर बसतोय, म्हणजे त्याच्यात दमच नाही

त्याच 2022 च्या ड्राफ्टमध्ये बिल्सनी सहाव्या फेरीत, 185व्या क्रमांकावर क्रिस्चन बेनफर्डला घेतलं. तो विलानोव्हाचा, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या दुय्यम विभागातला. तरी पहिल्याच मोसमात तो एलमच्या पुढे जाऊन खेळू लागला आणि पुढे संघाचा पक्का कॉर्नरबॅक झाला. एलमपेक्षा वेगवान म्हणून त्याला कोणी खेळवलं नाही. मॅकडर्मट यांना जे हवं होतं ते त्याला आधीपासून येत होतं : क्वार्टरबॅककडे नजर ठेवणं, जागा न सोडणं, खाली पाडणं.

याच्या उलट बाजूचं उदाहरण नाम्दी असोमुघा. ऑकलंड रेडर्सकडे तो मैदानाच्या एका कडेला प्रेस-मॅन खेळायचा, तेव्हा क्वार्टरबॅक त्याच्या दिशेने चेंडू टाकायचंच टाळायचे. 2011 मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सनी त्याला पाच वर्षांसाठी सहा कोटी डॉलरचा करार दिला, आणि मग कधी या कडेला, कधी आत, कधी झोनमध्ये असं फिरवलं. मार्च 2013 मध्ये त्याला काढून टाकलं. एवढा सिद्ध झालेला खेळाडू दोन वर्षांत गोंधळतो, तर एलमसारख्या नवख्याला लगेच नालायक ठरवणं मला पटत नाही. आणि जुळलं तर काय होतं, हे सिएटलच्या रिचर्ड शर्मनने दाखवलं. 2011 मध्ये तो 154वा निवडला गेला. कॉलेजात तो आधी रिसीव्हर होता, त्यामुळे रिसीव्हर कुठे वळणार हे त्याला ओळखता यायचं. प्रशिक्षक पीट कॅरोल यांच्या कव्हर थ्रीमध्ये त्याने 2013 मध्ये 8 इंटरसेप्शन केले, म्हणजे समोरच्यांचे पास मध्येच झेलले. त्या मोसमात इतके कोणाचेच नव्हते.

गैरसमज : प्रशिक्षकाने पद्धतच बदलावी

प्रशिक्षकाने थोडं वाकावं, हे मलाही मान्य आहे. बिल्सनी मॅन खेळणारा मुलगा मुद्दाम वर सरकून घेतला. मग त्याच्या ताकदीला जागा करून देणं ही त्यांचीही जबाबदारी होती. पण पूर्ण बदलणं शक्य नसतं. कबड्डीत कोपऱ्यातला खेळाडू पायपकडीत तरबेज आहे म्हणून संघ साखळी मोडत नाही. एकाने वेळेआधी झेप घेतली की बाकीचे उघडे पडतात. इथेही अकरा जण एकमेकांवर अवलंबून असतात. एक कॉर्नरबॅक मॅन खेळू लागला की त्याच्या मागचा सेफ्टी आणि आतला लाइनबॅकर दोघांचीही कामं बदलतात.

गैरसमज : सगळा दोष पद्धतीचाच

हेही खरं नाही, आणि एलमची बाजू घेताना हे लपवायचं कारण नाही. त्याला संधी मिळत गेल्या. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये गुडघा दुखावलेला बिल्सचा कॉर्नरबॅक ट्रे-डेव्हियस व्हाइट 1 ऑक्टोबर 2023 रोजी टाचेच्या शिरेला दुखापत होऊन पुन्हा बाहेर गेला. जागा रिकामी झाली होती. तरी महिनाअखेर बिल्सनी ग्रीन बे पॅकर्सकडून कॉर्नरबॅक रसूल डग्लसला आणलं. 2024 च्या जानेवारीत पिट्सबर्गविरुद्धच्या प्लेऑफमध्ये एलमने एंड झोनमध्ये, म्हणजे गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यात, इंटरसेप्शन करून आपल्यात काय आहे ते दाखवलं. तो सामना बिल्सनी 31-17 असा जिंकला. पण 26 जानेवारी 2025 रोजी कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्धच्या, सुपर बोलच्या आधीच्या एएफसी अंतिम सामन्यात बेनफर्ड जखमी होऊन बाहेर पडला, एलम आत आला आणि चीफ्सनी त्याच्या बाजूला वारंवार लक्ष्य केलं. बिल्स 32-29 असे हरले. त्यातल्या काही चुका पद्धतीच्या नव्हत्या. त्या त्याच्या होत्या.

संघ बदलला की प्रश्न सुटतो, असंही अनेकांना वाटतं. कॉर्नरबॅक डॅरेल रेव्हिसच्या बाबतीत तसं झालं : मार्च 2014 मध्ये टँपा बेने त्याला सोडलं, न्यू इंग्लंडने मॅनसाठी घेतलं आणि पुढच्याच फेब्रुवारीत तो सुपर बोल जिंकला. पण रेव्हिस तेव्हा सिद्ध झालेला होता आणि संघ त्याने विचारपूर्वक निवडला होता. एलमला निवड नव्हती. डॅलसमध्ये 2025 साठी बचाव समन्वयक म्हणून आलेले मॅट एबरफ्लुसही झोनवर भर देणारेच म्हणून ओळखले जातात.

म्हणून पुढच्या ड्राफ्टला एखाद्या तरुण कॉर्नरबॅकचं नाव पुकारलं गेलं, तर त्याच्या चाळीस यार्डांच्या वेळेआधी दोन गोष्टी बघा : कॉलेजात तो बहुतेक काय खेळला, आणि ज्यांनी त्याला घेतलं ते बहुतेक काय खेळतात. दोन्हींत अंतर असेल, तर त्याला किमान दोन मोसम द्या, आणि तो अडखळला तर त्याच्याइतकाच जाब त्याला निवडणाऱ्यांनाही विचारा.