घर आणि बाजार यांच्यामधील ओसरी

शहरातील एखादा रस्ता रुंद होतो, त्यावरून बसगाड्या धावू लागतात, कोपऱ्यावर दुकाने येतात. आणि त्या रस्त्याला लागून असलेल्या घरांची विचित्र कोंडी होते. राहण्यास ती गैरसोयीची ठरतात, विकण्यास मात्र मोलाची होतात. अशा वेळी नगररचनेत एक मध्यम मार्ग सुचविला जातो. कडेच्या या ओळीला निवासी विभागातून वगळावे आणि तेथे वकील, डॉक्टर, वास्तुविशारद, हिशेबतपासनीस यांच्या कचेऱ्यांना परवानगी द्यावी, असा तो मार्ग आहे. कचेरी सायंकाळी बंद होते. तेथे मालाची चढउतार नसते. घराचे बाह्य रूपही फारसे बदलावे लागत नाही. जुन्या वाड्यात अंगण आणि माजघर यांच्यामध्ये जशी ओसरी असे, तशी कचेऱ्यांची ही ओळ बाजाराचा गलबला अडवून धरील आणि मागील गल्ल्या शांत राहतील, अशी ही कल्पना आहे.

कल्पना त्याज्य नाही. गजबजलेल्या रस्त्यावरील घरमालकाला काहीच सवलत न दिल्यास तेथे चोरपावलांनी दुकाने येतात, हा अनुभव आहे. प्रश्न एवढाच, की ही ओसरी जागच्या जागी राहते काय?

किमतीचे गणित

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ साली, क्लीव्हलंड शहराजवळील युक्लिड या गावाच्या खटल्यात, जमिनीचे वापरानुसार विभाग पाडण्याचा स्थानिक संस्थेचा अधिकार मान्य केला. त्या खटल्यातील जमीनमालक कंपनीचे म्हणणे उद्‌बोधक आहे. तिच्या जमिनीला उद्योगासाठी एकरी १०,००० डॉलर आले असते. निवासासाठी २,५०० डॉलरहून अधिक येणार नव्हते. जमीन तीच, नकाशावरील रंग बदलताच तिचे मोल चौपट किंवा चतुर्थांश होते.

कडेच्या ओळीला कचेऱ्यांची परवानगी मिळते, तेव्हा असाच लाभ मालकाच्या पदरात पडतो. त्यासाठी त्याने श्रम केलेले नसतात. मग मागील ओळीतील मालक उभा राहतो. त्याच्या शेजारी आता घर नसून कचेरी असते. पक्षकारांच्या व रुग्णांच्या गाड्या त्याच्या गल्लीत उभ्या राहतात. काल पहिल्या ओळीने केलेला युक्तिवाद आज तो शब्दशः करू शकतो, आणि त्याला नकार देण्यास तर्कशुद्ध कारण उरत नाही. प्रत्येक बदल पुढील बदलाचे समर्थन होऊन बसतो. या सरकत्या सीमेची किंमत मोजतो तो मुख्यतः भाडेकरू, कारण वाढत्या मोलात त्याचा वाटा नसतो आणि जागा मात्र त्यालाच सोडावी लागते.

पेशा आणि व्यापार

‘व्यावसायिक’ हा शब्दही येथे घोटाळा करतो. वकिलाची कचेरी व्यावसायिक, आणि कापडाच्या दुकानाचा गाळाही व्यावसायिकच! पहिल्यासाठी उघडलेल्या दारातून दुसरा सहज आत येतो. न्यायालयांनी मात्र हा भेद जपला आहे. डॉक्टरचा खाजगी दवाखाना ही व्यापारी आस्थापना नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली म्हटले. १९८४ साली वकिलाच्या कचेरीबाबतही तसाच निर्णय दिला.

सीमा सांभाळली नाही तर काय होते, हे दिल्लीने दाखविले. निवासी जागांतील दुकानांकडे वर्षानुवर्षे काणाडोळा झाला. फेब्रुवारी २००६ मध्ये न्यायालयाचा आदेश आल्यावर टाळी ठोकणे सुरू झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात सीलमपूर भागातील निदर्शनांत चौघांचा बळी गेला. शेवटी फेब्रुवारी २००७ च्या बृहत् आराखड्याने अनेक रस्त्यांवरील संमिश्र वापर मान्य केला. नियम पाळणारा मूर्ख ठरला.

नोइडाच्या प्रकरणातील डिसेंबर २०११ चा निर्णय अधिक विवेकी वाटतो. निवासी भूखंडांवरील बँका आणि शुश्रूषागृहे बंद करण्यास सांगताना न्यायालयाने डॉक्टर, वकील व वास्तुविशारद यांना आपल्या जागेतील तळमजल्याचा ३० टक्के भाग कामासाठी वापरू दिला. या निर्णयाने जमिनीचा निवासी दर्जा कायम ठेवून रहिवाशाला घरात आपला पेशा करण्याची मुभा दिली. घर घरच राहिल्यामुळे त्याचे मोल भडकत नाही आणि शेजाऱ्याला उदाहरण मिळत नाही.

ओसरी हवीच असेल तर ती याच धर्तीची असावी. कचेरीचा मालक तेथेच राहणारा असावा, तिचे क्षेत्र ठरलेले असावे आणि सवलत मोठ्या रस्त्यावर दार असलेल्या घरांपुरतीच असावी. वापर बदलून मिळणाऱ्या लाभातील वाटा समाजाकडे यावा. महाराष्ट्रात जमिनीच्या वापरबदलावर विकास शुल्क घेण्याची तरतूद १९९२ पासून कायद्यात आहे.

१९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याचे कलम ३७ आणखी एक हत्यार नागरिकांच्या हाती देते. मंजूर आराखड्यात फेरबदल करण्यापूर्वी सूचना प्रसिद्ध करून हरकतींसाठी एक महिना द्यावा लागतो. ज्याला लाभ होणार आहे, तो ती सूचना डोळ्यांत तेल घालून वाचतो. ज्याची गल्ली बदलणार आहे, त्याने ती वाचली नाही, तर पुढे गलबल्याविषयी तक्रार करण्यात अर्थ राहत नाही.